निरोगी कुत्र्याच्या हृदयाचा आलेख व त्याचें वाचन

शेतकऱ्याच्या घरीं बैल, गाय व म्हैस यांच्या जोडीला जो चौथा प्राणी असतो, त्याचा हिशेब आपण सहसा मांडीत नाहीं. कुत्र्यास ना दावण, ना वैरणीचा खर्च. शिळ्या भाकरीवर व घोटभर ताकावर तो रात्रभर शिवार राखतो. परंतु ज्याच्या शेतास रानडुकरांचा उपद्रव आहे त्यास विचारावें, म्हणजे चांगल्या कुत्र्याची किंमत काय ती कळेल. आमच्या घरच्या अशाच एका कुत्रीस, एका कागदाचें वाचन चुकल्यामुळें, अडीच महिने साखळीस बांधून राहावें लागलें. व त्यापायीं आमचें भुईमुगाचें पीक निम्म्यावर आलें. ती हकीकत व तीवरून मला जें शिकावयास मिळालें तें आपल्या मासिकाच्या वाचकांस उपयोगी पडेल, अशा समजुतीनें येथें देत आहें.

मी पशुवैद्य नव्हे. महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेला व आतां वडिलोपार्जित जमीन पाहणारा मी एक सामान्य मनुष्य आहें. तथापि मापें, प्रमाणें व आकडे ताडून पाहण्यांतच माझा जन्म गेला असल्यामुळें, सदर कागदावरील चूक कोणत्या जातीची होती हें मला लवकर उमगलें. ती चूक औषधोपचाराची नव्हती. ती मापाची होती.

हरणीची हकीकत

आमची हरणी ही कारवानी जातीची, चार वर्षांची, चोवीस किलो वजनाची कुत्री. छाती खोल, कंबर बारीक व पाय लांब. शेजारच्या कर्नाटकांत बागलकोट जिल्ह्यांतील मुधोळ गांवाच्या नांवानें याच बांध्याचे कुत्रे प्रसिद्ध आहेत. दोन वेतें झाल्यावर तिचें गर्भाशय काढून घ्यावें असें आम्हीं ठरविलें व तिला एका खासगी दवाखान्यांत नेलें. भूल देण्यापूर्वीं हृदयाचा विद्युत्-आलेख, म्हणजे ज्यास आपण ई. सी. जी. म्हणतों, तो त्यांनीं काढिला. ही दक्षता योग्यच होती. मात्र तेथील यंत्र मनुष्यांसाठीं तयार केलेलें होतें. आणि असलें यंत्र आलेख काढून थांबत नाहीं, तर त्यावर आपला अभिप्रायही छापून देतें. हरणीच्या कागदावर चार शेरे आले: हृदयाची चाल अनियमित, पी-आर अंतर आंखूड, डावा खालचा कप्पा वाढल्याचा संशय, टी लाट उलटी. खालीं एका शब्दांत निकाल होता, "अस्वाभाविक".

शस्त्रक्रिया तहकूब झाली. कुत्रीस धांवूं देऊं नये असें सांगण्यांत आलें. सांगणाऱ्याचा हेतु वाईट नव्हता. पुढें असलेला कागद त्यानें छापल्याप्रमाणें वाचला इतकेंच. आम्हीं तिला श्रावणापासून दसऱ्यापर्यंत गोठ्यांत बांधून ठेविलें. भुईमुगास शेंगा धरल्या आणि रानडुकरें आलीं. रात्रीं हरणी साखळीस हिसके देऊन ओरडे, आणि आम्ही डबे वाजवीत बांधावर बसूं. पीक उकरलें गेलें तें गेलेंच. शिवाय कुत्रीनेंही अन्न टाकिलें व तिच्या बरगड्या दिसूं लागल्या.

दसऱ्यानंतर तिला पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत नेलें. तेथील एका वयस्क डॉक्टरांनीं प्रथम कागद पाहिलाच नाहीं. हरणीच्या छातीस नळी लावून ते तिच्या श्वासाकडे पाहत राहिले. हिरड्यांचा रंग पाहिला, मांडीच्या आंतील बाजूस नाडी धरिली. मग नवा आलेख काढून जुना त्याच्याशेजारीं ठेविला व म्हणाले, "भाऊसाहेब, कागदही ठीक आहे व कुत्रीही ठीक आहे. तिला माणसाच्या मापानें मोजलें, एवढीच चूक झाली आहे." मीं विनंती केली, "डॉक्टरसाहेब, कुत्र्याचें माप काय तें मला दाखवाल काय?" त्यांनीं माझ्या हातीं कर्कटक दिला व अर्धा तास खर्च करून पुढील गोष्टी समजावून सांगितल्या.

आलेख म्हणजे काय

हृदयाचा स्नायु आकुंचन पावण्यापूर्वीं त्यांतून अत्यल्प विद्युत्-प्रवाह पसरतो. त्याचा उगम हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यांतील एका लहान गांठींत होतो. कालव्याचें दार उघडल्यावर पाणी आधीं पाटांत येतें, चारीच्या तोंडाशीं क्षणभर तुंबतें व मग सर्व वाफ्यांत शिरतें, तसाच हा प्रकार समजावा. प्रवाह वरच्या दोन कप्प्यांत पसरला म्हणजे कागदावर एक लहान उंचवटा उठतो. ती पी लाट. पुढें मधल्या गांठीशीं तो थोडा थोपतो, तेव्हां रेघ सपाट राहते. नंतर खालच्या दोन मोठ्या कप्प्यांत तो वेगानें पसरतो, तेव्हां उंच सुळका उठतो. त्याचे क्यू, आर व एस असे तीन भाग मानितात. शेवटीं स्नायु पूर्वस्थितीवर येतांना जी मंद लाट उठते ती टी लाट. प्रत्येक ठोक्यास एवढा क्रम एकदां पुरा होतो.

या विद्येच्या आरंभींच एका निरोगी कुत्र्याचें नांव आहे. ऑगस्टस वॉलर या शरीरशास्त्रज्ञानें १८८७ सालीं लंडन येथें मनुष्याच्या हृदयाचा असा आलेख शरीर न उघडतां प्रथम काढिला. त्याचा जिमी नांवाचा बुलडॉग होता. १९०९ सालीं रॉयल सोसायटीच्या मेळाव्यांत जिमीचे पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत ठेवून वॉलरनें हा प्रयोग लोकांस दाखविला. तेव्हां मुक्या प्राण्याचा छळ झाला कीं काय, असा प्रश्न ब्रिटिश पार्लमेंटांत विचारला गेला. व गृहमंत्र्यांस, कुत्रा केवळ खाऱ्या पाण्यांत उभा होता, असा खुलासा करावा लागला. पुढें हॉलंडांतील आइंथोव्हेन यानें याहून फार सूक्ष्म यंत्र सिद्ध केलें. पी, क्यू, आर, एस, टी हीं नांवें त्याचींच होत. त्यास १९२४ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. आजही या तपासणींत जनावरास वेदना होत नाहीं. पायांस चार चिमटे लावण्यापुरताच तो त्रास असतो.

प्रथम प्रमाण पाहावें

गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा. साखळी ३३ फुटांची आहे कीं नाहीं हें न पाहतां जो मोजणी करील, त्याच्या क्षेत्राचा भरंवसा कोण धरील? आलेखाचेंही तसेंच आहे. कागदावर एक-एक मिलिमीटरचे बारीक चौकोन असतात. उभ्या दिशेनें बहुधा १० चौकोन म्हणजे एक मिलिव्होल्ट. हें प्रमाण दाखविणारी चौकोनी खूण यंत्र कागदावर छापतें. ती दहा चौकोन उंच आहे ना, हें आधीं पाहावें. आडव्या दिशेस कागदाची गति सेकंदास २५ मिलिमीटर किंवा ५० मिलिमीटर असते. पहिल्या गतींत एक चौकोन म्हणजे ०.०४ सेकंद, दुसरींत ०.०२ सेकंद. कुत्र्याचें हृदय जलद चालतें, सबब पुष्कळ पशुवैद्य ५० ची गति पसंत करितात. ५० च्या गतीचा कागद २५ चा समजून वाचला, तर प्रत्येक लाट दुप्पट रुंद भासेल व मिनिटास १२० पडणारे ठोके ६० च मोजले जातील. म्हणजे धडधाकट कुत्रा कागदावर रोगी ठरेल.

दुसरी गोष्ट जनावराच्या ठेवणीची. कुत्र्यास उजव्या कुशीवर निजवून, पुढचे पाय एकमेकांस समांतर ठेवून, कोपरांशीं व मागल्या गुडघ्यांशीं चिमटे लावितात. पुढें दिलेलीं मापें याच ठेवणींतील व दुसऱ्या जोडणीचीं, म्हणजे ज्यास लीड दोन म्हणतात, तींतील आहेत. उभ्या किंवा बसलेल्या कुत्र्याच्या आलेखांत ठोक्यांचा क्रम नीट कळतो. परंतु लाटांची उंची बदलते, म्हणून ती मापांशीं ताडूं नये. पुढच्या दोन पायांच्या तारा अदलाबदल झाल्या तरी लाटा उलट्या उमटतात. कुत्रा धापा टाकीत असेल किंवा थरथरत असेल, तर रेघेवर खडबडीतपणा येतो. जवळच्या विजेच्या तारांमुळें करवतीच्या दात्यांसारखी बारीक नक्षी येते. हे दोष हृदयाचे नव्हेत.

निरोगी कुत्र्याचीं मापें

पशुवैद्यकांत सर्वसाधारणपणें पुढील मर्यादा मानितात:

हृदयाचे ठोके: मोठ्या वयाच्या कुत्र्यांत मिनिटास ७० ते १६०, अगदीं लहान जातींत १८० पर्यंत, पिलांत २२० पर्यंत.
पी लाट: रुंदी ०.०४ सेकंदापर्यंत, उंची ०.४ मिलिव्होल्टपर्यंत.
पी-आर अंतर: ०.०६ ते ०.१३ सेकंद.
क्यू-आर-एस रुंदी: लहान जातींत ०.०५ पर्यंत, मोठ्या जातींत ०.०६ सेकंदापर्यंत.
आर लाटेची उंची: लहान जातींत २.५ पर्यंत, मोठ्या जातींत ३.० मिलिव्होल्टपर्यंत.
क्यू-टी अंतर: ०.१५ ते ०.२५ सेकंद.
टी लाट: सुलटी किंवा उलटी, मात्र आर लाटेच्या चौथ्या हिश्श्याहून मोठी नसावी.

आतां हरणीच्या कागदावरील चार शेरे क्रमानें तपासूं. तिच्या नव्या आलेखाची गति ५० होती.

पहिला शेरा अनियमित चालीचा. लागोपाठच्या सुळक्यांमधील अंतरें मीं कर्कटकानें मोजलीं तीं २५, २७, ३६, ४४, ४० व २८ मिलिमीटर भरलीं. ३००० ला अंतरानें भागिलें म्हणजे मिनिटाचे ठोके निघतात. एके ठिकाणीं ते १२० येत, तर दुसरीकडे अवघे ६८. सहा अंतरांची बेरीज २०० मिलिमीटर, म्हणजे चार सेकंद. त्यांत सहा ठोके, म्हणून सरासरी ९०. ही सरासरी उत्तम आहे. मग कमीजास्त कां? तर कुत्रा श्वास आंत घेतो तेव्हां त्याचे ठोके जलद होतात व सोडतो तेव्हां मंदावतात. मनुष्यांतही, विशेषतः मुलांत, हें थोडेंबहुत दिसतें. परंतु स्वस्थ कुत्र्यांत तें इतकें ठळक असतें कीं, अनोळखी डोळ्यास तो रोगच वाटावा. वास्तविक तें हृदयावरील मज्जातंतूंचा ताबा शाबूत असल्याचें चिन्ह होय. पी लाटेची उंचीही त्याबरोबर थोडी कमीअधिक होते, तेंही चालतें. डॉक्टरांनीं हरणीस अंगणांत दोन फेऱ्या पळवून पुन्हां नळी लाविली, तों ठोके जलद व एकसारखे झाले होते.

मात्र सर्वच अनियमितपणा निरोगी नसतो. त्याची पारख अशी: प्रत्येक सुळक्याच्या आधीं पी लाट आहे काय? प्रत्येक पी लाटेमागून सुळका येतो काय? सर्व सुळके एकाच घाटाचे आहेत काय? तिन्हींस होकार असेल व ठोके श्वासाबरोबर हलत असतील, तर सहसा भिण्याचें कारण नाहीं. पी लाटा मुळींच नसून सुळके बेताल व जलद पडत असतील, किंवा मध्येंच एखादा रुंद, बेढब सुळका वेळेआधीं येत असेल, तर तो आलेख जाणत्या पशुवैद्यास अवश्य दाखवावा.

दुसरा शेरा आंखूड पी-आर अंतराचा. तें साडेपांच चौकोन, म्हणजे ०.११ सेकंद भरलें. मनुष्याची मर्यादा ०.१२ ते ०.२० सेकंद असल्यामुळें यंत्रानें तें कमी ठरविलें. कुत्र्याच्या मर्यादेंत तें बरोबर बसतें.

तिसरा शेरा डावा कप्पा वाढल्याचा. आर लाटेची उंची २८ चौकोन, म्हणजे २.८ मिलिव्होल्ट होती. मोठ्या कुत्र्यास ती ३.० पर्यंत चालते. शिवाय खोल व अरुंद छातीच्या तरुण कुत्र्यांत ही लाट स्वभावतःच उंच येते. ग्रेहाउंड जातीचें हृदय शरीराच्या वजनाच्या मानानें इतर जातींहून मोठें असतें. आपला कारवानी कुत्रा त्याच धांवत्या बांध्याचा आहे. केवळ सुळका उंच म्हणून हृदय रोगानें वाढलें असें म्हणतां येत नाहीं. तें ठरविण्यास क्ष-किरणांचें चित्र किंवा इको नांवाची ध्वनिलहरींची तपासणी हवी.

चौथा शेरा उलट्या टी लाटेचा. मनुष्याच्या दुसऱ्या जोडणींत ही लाट सुलटी असावी लागते. कुत्र्यांत ती सुलटी, उलटी किंवा अर्धी अशी व अर्धी तशी, कशीही असूं शकते. हरणीची टी लाट चार चौकोन खोल होती. २८ चा चौथा हिस्सा सात. म्हणजे तीही हद्दींत होती.

हद्दीबाहेरचा एक आंकडा म्हणजे रोग नव्हे

या मर्यादा म्हणजे सरहद्दीचे दगड नव्हेत. त्या ठरवितांना सामान्यतः निरोगी कुत्र्यांचे आलेख घेऊन, शंभरांपैकीं पंचाण्णव ज्यांत येतील असा पल्ला धरितात. म्हणजे उरलेले पांच निरोगी असूनही त्या मापापुरते बाहेर पडतात. हीं मापें परस्परांवर अवलंबून नाहींत असें क्षणभर धरिलें, तर दहा मापें घेतल्यावर शंभर निरोगी कुत्र्यांपैकीं सुमारें चाळिसांचें एखादें तरी माप हद्दीबाहेर जाणार, असा गणिताचा हिशेब आहे. म्हणून एकच आंकडा थोडा बाहेर गेला व जनावर खातें, पितें व धांवतें आहे, तर घाबरूं नये. कांहीं दिवसांनीं तपासणी पुन्हां करावी.

पैसेवारी काढतांना कोंकणांतील भाताचें प्रमाण माणदेशांतील बाजरीस लावणारा कारकून हास्यास पात्र होईल. तसेंच जातीचें, वयाचें व बांध्याचें माप ज्याचें त्यास लावावें. आणि सर्वांत उत्तम माप त्याच जनावराचा पूर्वीचा, धडधाकट असतांना काढलेला आलेख. तो एकदां काढून सातबाऱ्याच्या उताऱ्याप्रमाणें दप्तरीं जपावा. या कागदावरील छाप उष्णतेनें उमटविलेला असतो व कालांतरानें पुसट होतो, यासाठीं त्याचें छायाचित्र घेऊन ठेवावें. त्यावर तारीख, वजन, वय व कागदाची गति लिहावी.

कागद चांगला म्हणून निर्धास्तही राहूं नये

याची दुसरी बाजू सांगितल्यावांचून लेख अपुरा राहील. आलेख हृदयांतील विद्युत्-प्रवाह दाखवितो. हृदय किती जोरानें रक्त ढकलतें किंवा झडप गळते कीं काय, हें तो सांगत नाहीं. लहान जातींच्या म्हाताऱ्या कुत्र्यांत डाव्या बाजूची झडप गळूं लागते. ती नळीनें ऐकूं येते, पण आलेख साफ असूं शकतो. डॉबरमन जातींत हृदयाचा स्नायु सैल होण्याचा घातक रोग आढळतो. त्यांतील अवेळीं पडणारे ठोके दोन मिनिटांच्या आलेखांत सांपडतीलच असें नाहीं, म्हणून चोवीस तास आलेख घेणारें यंत्र अंगावर बांधावें लागतें.

यास्तव मालकानें कागदापेक्षां जनावराकडे अधिक लक्ष द्यावें. कुत्रा एकाएकीं भोवळ येऊन पडणें, पूर्वींप्रमाणें धांवूं न शकणें, रात्रीं खोकणें, पोट फुगणें, हिरड्या पांढऱ्या वा निळसर होणें, हीं चिन्हें दिसतांच पशुवैद्य गांठावा. घरींच करण्याजोगी एक सोपी परीक्षा आहे: कुत्रा गाढ झोपला असतां त्याचे श्वास मिनिटभर मोजावे. ते वारंवार तिसांहून अधिक भरूं लागले, तर तपासणीस विलंब करूं नये.

उपसंहार

कार्तिकांत हरणीची शस्त्रक्रिया झाली. भुलेंतून ती सुखरूप उठली, आणि टांके निघाल्यावर पुन्हां शिवारांत जाऊं लागली. गेलेल्या शेंगा कांहीं परत आल्या नाहींत. परंतु त्या नुकसानींत आमचाही वांटा होता, हें कबूल केलें पाहिजे. छापील शब्द पाहतांच आम्हीं विचारणें सोडून दिलें. आणि ज्या मनुष्यानें जन्मभर दुसऱ्यांचे उतारे ताडून पाहिले, त्यानें आपल्या घरचा कागद मात्र न ताडतां फडताळांत ठेविला.

वाचकांपैकीं कोणावर असा प्रसंग आल्यास त्यानें दवाखान्यांत नम्रपणें तीन प्रश्न विचारावे. कागदाची गति किती होती? आलेख काढतांना कुत्रा उजव्या कुशीवर होता काय? आणि हा अभिप्राय कुत्र्याच्या मापानें दिला आहे कीं मनुष्याच्या? चांगला पशुवैद्य या प्रश्नांनीं रागावत नाहीं. उलट त्यास संतोष होतो. उत्तरें समाधानकारक मिळालीं, तर तो सांगेल तसें निमूटपणें वागावें. न मिळालीं, तर आपल्या मुक्या राखणदारास साखळीस बांधण्यापूर्वीं दुसऱ्या जाणत्याकडे न्यावें, इतकेंच माझें सांगणें आहे.